सातऱ्यावरची मतं

दवाखान्याचं दार ती कोपरानं ढकलायची. दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे वर, जणू ते हात तिचे नाहीतच, कोणीतरी सांभाळायला दिले आहेत. पदर सावरायचा तर मनगटाच्या मागच्या बाजूनं, नाक खाजलं तर खांद्यानं. उंबऱ्याच्या आत ती कधी पाऊल टाकत नसे. तिथूनच मान आत घालून विचारायची,

"आली का गा बाई, कंपोंडरबाबू?"

"नाही आली."

"बरं. येईन."

आणि दार पुन्हा कोपरानं ओढून निघून जायची. ती गेल्यावर आमच्या डॉक्टरसाहेबांना ओळीनं शिंका यायच्या. तिच्या लुगड्याला मिरचीची धूळ असायची. साहेब रुमालात तोंड खुपसून म्हणायचे, "गेली का तुमची मुकादमीण? तिला म्हणावं, बाहेरूनच विचारत जा." ती बाहेरूनच विचारत होती. धूळ आत येत होती, त्याला ती काय करणार?

साठच्या दशकात माझी बदली त्या गावी झाली. भिवापूरच्या पट्ट्यातलं बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, कारण तशी गावं तिकडे बरीच आहेत आणि गोष्ट साधारण सगळ्यांचीच आहे. मी नागपूरच्या महालात वाढलेला. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि परत येऊ. वीसहून जास्त वर्षं राहिलो.

गावाबाहेर मिरचीचे सातरे होते. सातरा म्हणजे मोठं उघडं पटांगण. तिथे लाल मिरच्यांचे ढीग ओतलेले, आणि ढिगाभोवती बाया बसून डेठं खुडायच्या. डेठ काढलेली मिरची पोत्यांत भरून नागपूरला, तिथून पुढे कुठे कुठे जायची. सकाळी बसलेली बाई संध्याकाळी उठायची तेव्हा तिच्या बोटांची आग होत असे. ती आग पाण्यानं जात नाही. तेल लावा, ताक लावा, रात्रभर हात पोटाशी घेता येत नाहीत. तान्ह्या मुलांच्या आया मुलाला पाजायला घ्यायच्या त्या मनगटांवर. हे मी तिथे जाईपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. तुम्हीही भाजीत लाल तिखट टाकताना पाहिलं नसेल.

सगळ्यांत मोठ्या सातऱ्यावरच्या बायांची ती मुकादमीण. कोणी कुठे बसायचं, कोणाला आज लवकर सोडायचं, कोणाचं माप सेठच्या माणसानं कमी धरलं, हे सगळं ती बघायची. आवाज चढवताना मी तिला ऐकलं नाही. माप घेणारा कमी बोलला की ती फक्त त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "पुन्हा पाह्य ना गा." तो पुन्हा पाहायचा.

तिचं माहेर-सासर दोन्ही त्याच तालुक्यातलं. धम्मदीक्षेच्या साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन आली होती आणि तेव्हा नेसलेलं पांढरं लुगडं तिनं जपून ठेवलं होतं. नवरा पुढे लवकरच वारला. एकच मुलगी, शेवंता. तिचं लग्न गावातच करून दिलेलं.

मी तिथे गेलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी शेवंताचे दिवस भरले.

दुपारी तिला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. सोबत सुईण होती, तिनं हात टेकले होते. आमचे डॉक्टरसाहेब भले माणूस, पण पुरुष. शेवंता त्यांना जवळ येऊ देईना. साहेबांनी पडद्याबाहेरून सुईणीला प्रश्न विचारले, सुईणीनं आतून उत्तरं दिली. असा तास गेला. शेवटी साहेब म्हणाले, "हिला नागपूरला न्या. माझ्या हातातलं राहिलं नाही." दवाखान्याला गाडी नव्हती. एस.टी. निघून गेली होती. मुकादमीण धावत सातऱ्यावर गेली. सेठचा ट्रक नागपूरला निघण्याच्या बेतात, पोती भरलेली. सेठनं, खरं सांगायचं तर, एका शब्दानं न बोलता निम्मी पोती उतरवली. राहिलेल्या पोत्यांवर गोधड्या टाकून शेवंताला निजवलं. साहेबांनी मला सोबत पाठवलं.

मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. मागे बाया होत्या, तिथे मला जागा नव्हती. मांडीवर औषधांची पिशवी. त्यात कापूस होता, आयोडीन होतं, आणखी काय असणार? मागून आवाज यायचे तेव्हा ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा आणि मी रस्त्याकडे. उमरेड मागे पडलं आणि थोड्या वेळानं बाळाचा आवाज आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आनंदानं. मग मागून मुकादमिणीनं ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली. ट्रक थांबवून मी मागे गेलो.

"नागपूरले नेऊन काय फायदा आता," ती म्हणाली. "वापस घे गा."

शेवंताची मुलगी जगली. त्या मुलीला आजीनं वाढवलं.

मोठ्या दवाखान्यातून एकदा एक बाईडॉक्टर तपासणीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी चौकशी केली आणि सहज बोलून गेल्या, "इथे एखादी लेडी डॉक्टर असती तर ती मुलगी वाचली असती." हे मुकादमिणीनं ऐकलं. त्यानंतर तिचा तो प्रश्न सुरू झाला. मी तिला समजावलं, की आमच्या दवाखान्यात बाईडॉक्टरांचं पद मंजूर आहे, पण नागपूर सोडून इथे यायला कोणी तयार नाही. तिला त्यातलं 'मंजूर' एवढं कळलं. मंजूर आहे म्हणजे येणार. म्हणून ती विचारायला यायची.

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात मी तिला माहेरी, महालात पोचवलं. तहसीलातले, शाळेतले सगळेच नोकरदार असं करायचे. मुकादमिणीला कळलं. दारातून म्हणाली, "मास्तरीन नागपूरले गेली म्हणते?" माझी बायको मास्तरीण नव्हती, पण चपला घालून रस्त्यानं जाणारी कोणतीही बाई तिच्या लेखी मास्तरीणच. "बरं केलं गा. लय बरं केलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता गावाच्या मतांबद्दल सांगतो.

कोणाची मतं कुठे पडतील हे आमच्या गावात हॉटेलच्या बाकावर बसून कोणीही सांगू शके. बाजाराची ओळ सेठच्या पक्षाची, कारण परवाने, वॅगन, गोदाम सगळं तिकडून मिळायचं. कोष्टीपुऱ्यात दोन भाऊ भांडले की दोन पक्ष व्हायचे. शेतकरी मंडळी पाटलाच्या दारात बैठक होईपर्यंत बोलायची नाहीत, आणि बैठक झाल्यावर सगळी एकच बोलायची. दीक्षा घेतलेल्यांच्या वस्तीचा आपला पक्ष होता, त्याच्यासाठी पोट्टे उन्हातान्हात पायी हिंडायचे. बायांचं कोणी मोजतच नसे. बाई नवऱ्याबरोबर. आणि सातऱ्यावरच्या बाया? त्या सेठच्या. मतदानाच्या दिवशी सेठ अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायचा, ट्रक द्यायचा, ट्रकवर झेंडा लावलेला असायचा. ट्रकमधून उतरलेली बाई ट्रकच्याच झेंड्याला मत देणार हे धरूनच चालत.

बायकोला माहेरी पोचवलं त्याच वर्षी आमदारकीच्या निवडणुकीला सेठच्या पक्षाचा उमेदवार सातऱ्यावर आला. पांढरे कपडे, गळ्यात हार. ढिगांमधून चालताना त्याला अशी शिंकांची उबळ आली, की भाषण राहिलं बाजूला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सेठनं पाणी आणवलं. उमेदवार डोळे पुसून म्हणाला, "मायबहिणींनो, तुमचं काय काम आहे ते सांगा."

असं विचारायची पद्धत असते, उत्तर द्यायची नसते. मुकादमीण उभी राहिली.

"बाईडॉक्टर पायजे."

"काय?"

"दवाखान्यात बाईडॉक्टर. पद मंजूर हाय म्हणते कंपोंडर. माणूस नाही."

सेठ मध्ये पडला, "अगं, ते मोठे साहेब आहेत, त्यांना काय दवाखान्याचं..." पण उमेदवार हुशार. त्यानं हात वर केला. "निवडून आलो की महिन्याभरात डॉक्टरीण आणून उभी करतो. नाही आणली तर मत मागायला तोंड दाखवणार नाही."

संध्याकाळी वस्तीतले पोट्टे तिच्या दारात जमले. त्यांचा उमेदवार शेजारच्या गावचा एक मास्तर होता. सायकलवर फिरायचा, सदऱ्याच्या कॉलरला शिवण घातलेली असायची. तोही आला होता. मी तिच्या नातीच्या खोकल्याचं औषध द्यायला गेलो होतो, म्हणून हे मी ऐकलं.

"माय, आपलं मत आपल्या माणसाले," पोट्टे म्हणाले. "त्या सेठच्या माणसाले काहून देतं?"

"आपलाच हाय मास्तर. मी कुठी नाही म्हणून राहिली?" ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, तुमी फक्त एवढं म्हणा, बाईडॉक्टर आणतो. मी गावभर हिंडीन तुमच्यासाठी. कोष्टीपुऱ्यात जाईन, पाटलाच्या मागच्या दारानं जाईन."

मास्तर म्हणाले, "आई, मी खोटं कसं बोलू? आपण निवडून आलो तरी विरोधात बसणार. डॉक्टर पाठवणं माझ्या हातात राहणार नाही. मी भांडेन एवढं सांगतो."

"भांडून येते का डॉक्टरीन?"

"माहीत नाही."

"मंग मी काय सांगू बायायले?"

एक पोट्टा चिडून उठला. "सेठचं मीठ खाते बुढी, दुसरं काय?" मास्तरांनी त्याला हात धरून खाली बसवलं. मुकादमीण त्याच्यावर रागावली नाही. "माही शेवंता होती तवा तू लहान होता गा," एवढंच म्हणाली.

त्या निवडणुकीला शिक्षक कमी पडले म्हणून माझी नेमणूक शाळेतल्या केंद्रावर झाली. बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे. सातऱ्यावरच्या बाया ट्रकमधून उतरल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. बोटांना भेगा. शाई लागली की चटका बसायचा आणि त्या 'स्स' करायच्या. मुकादमीण शेवटी आली. बोट पुढे करून म्हणाली, "लाव गा. यावेळी लागलं तरी चालते."

तो माणूस निवडून आला. गुलाल उडाला. सेठनं बायांना पेढे वाटले, ते त्यांनी एकमेकींना भरवता येईनात म्हणून कागदावरून तोंडात टाकले.

आणि बाईडॉक्टर आली! महिना म्हणाला होता, तीन लागले, पण आली. नुकती शिकून निघालेली, चष्मा लावणारी मुलगी. वडील सोडायला आले होते. त्या दिवसांत आमच्या दवाखान्याच्या आवारात बैलगाड्या उभ्या राहायला जागा नसे. कुठून कुठून बाया यायच्या. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी त्या मुलीसमोर सांगायच्या आणि ती मुलगी चष्मा पुसत पुसत ऐकायची.

मुकादमीण पहिल्याच दिवशी आली. शेवंताच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा तिनं दवाखान्याचा उंबरा ओलांडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय होतंय आजी?"

"माह्ं काई दुखत नाही वं. तुले पाह्यले आली."

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात बघायला घेतले आणि त्यांना शिंका आल्या. मुकादमीण घाबरून मागे सरली, पण त्यांनी हात सोडले नाहीत. मलम दिलं. ते मलम तिनं कधी लावलं नाही, लावून परत मिरचीतच हात घालायचे होते.

डॉक्टरीणबाईंना राहायला सरकारी खोली नव्हती. बाजारात वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, तिचं छत पावसात गळायला लागलं. खाली चहाची टपरी, तिथली टवाळ पोरं वर बघत बसायची. मुकादमिणीनं आपल्या घरात जागा देऊ केली. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. पावसाळा संपायच्या आत वडील आले, त्यांनी पेटी उचलली. पुढे कळलं, नागपूरलाच बदली करून घेतली.

"काहून गेली गा?" मुकादमिणीनं मला विचारलं. मी कारणं सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "पोरगीच हाय ते. एकटी कशी राहीन? माही असती तं मीही ठेवली नसती."

पण आमदाराला सोडणार नव्हती. हिवाळी अधिवेशनाला आमदार नागपुरात असतात, हे तिला कळलं. मी रजेवर घरी होतो. पाचसहा बायांना घेऊन ती एस.टी.नं आली आणि शोधत शोधत महालात आमच्या दारात उभी. मी त्यांना आमदार उतरले होते तिथवर नेलं. पण मी सरकारी नोकर, आत जाणं बरं नव्हतं. झाडाखाली उभा राहिलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या बाहेर आल्या. मुकादमीण आमदाराची नक्कल करून दाखवायला लागली, मान तिरकी करून, खांद्यावरचं उपरणं सारखं केल्यासारखं करून.

"'मावशी, आणून देल्ली होती ना? म्या तं वचन पाळलं. आता ते राहिलीच नाही, त्याले मी काय करू?'"

बाया हसल्या. मग ती स्वतःच थांबली.

"खरं तं बोलला गा तो. काय म्हणावं त्याले?"

मी त्यांना जेवायला घरी नेलं. आमच्या आईनं पानं वाढली. हात धुवायला गेल्या तर मुकादमीण मोरीतून बाहेरच येईना. माझ्या बायकोचं तान्हं बाळ जवळ होतं, त्याला चुकून हात लागू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा धूत बसली होती.

पुढे आणीबाणीनंतर देशभर वारं फिरलं. लोक मोठमोठ्या लोकांना पाडायला निघाले. आमच्या गावातसुद्धा हॉटेलच्या बाकावरचा हिशेब पहिल्यांदा चुकला. सातऱ्यावरच्या बाया सेठच्या ट्रकमधून उतरल्या आणि विरोधी माणसाला मत देऊन पुन्हा त्याच ट्रकमध्ये बसल्या. हे मुकादमिणीचं काम. नवा उमेदवार तरुण होता, जीपच्या टपावर उभा राहून बोलायचा. तोही म्हणाला होता, बाईडॉक्टर आणू. तो निवडून आला. सेठला समजलं, तरी त्यानं तिला कामावरून काढलं नाही. काढली असती तर बाया उठल्या असत्या आणि मिरची उन्हात पडून राहिली असती. पण त्यानंतर मतदानाच्या दिवशीचा ट्रक बंद झाला.

नव्या आमदारानं पत्रं पाठवली असतील, नसतील. त्याचं सरकारच टिकलं नाही. तो पुन्हा दिसला तेव्हा त्याचा पक्ष दुसरा होता. बाईडॉक्टरांची खुर्ची आमच्या दवाखान्यात होती, तिच्यावर आम्ही औषधांची खोकी ठेवायचो.

"मास्तर खरं बोलला म्हणून त्याले मत नाही देल्लं आपुन," एकदा ती म्हणाली. "एक खेप त्याले द्याचं होतं गा." मास्तर तोवर निवडणुका लढवायचे थांबले होते. गुडघे गेले होते, सायकल चालवता येत नव्हती.

नात मोठी झाली होती. तिला सातऱ्यावर आजीनं पाऊल टाकू दिलं नाही. स्थळं यायला लागली. गावातली चांगली स्थळं तिनं नाकारली. जमीन असलेलं एक घर तिनं परत पाठवलं तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, बुढीचं डोकं फिरलं. शेवटी नागपूरच्या गिरणीत कामाला असलेल्या एका मुलाचे आईबाप आले. मला मध्यस्थ म्हणून बसवलं होतं. मुलाचा पगार, घर, भाऊबंद, काही तिनं विचारलं नाही.

"तुमच्या घरापासून बायायचा दवाखाना किती दूर हाय?"

मुलाचा बाप गोंधळला. "पायी जायसारखा आहे. वळणावरच."

"तिथं डॉक्टरीन राहते?"

"दोन-तीन आहेत."

"मंग घ्या पोरगी," ती म्हणाली.

लग्न करून नात गेली आणि घरात ती एकटी उरली. वर्षा-दीड वर्षानं नातजावई एस.टी.तून उतरला तो थेट दवाखान्यातच आला, कारण आजी सातऱ्यावर असेल की घरी, त्याला माहीत नव्हतं. मुलगा झाला होता, नात सुखरूप होती. मी शिपायाला सातऱ्यावर पाठवलं. ती आली, उंबऱ्यात उभी राहिली, ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोळे पुसायला हात वर गेले आणि तिथेच थांबले. मी कापसाचा बोळा ओला केला आणि तिचं तोंड पुसलं. ती लहान मुलासारखी तोंड वर करून उभी राहिली.

"माही तं सुटली गा," ती म्हणाली. मग आवारात सावलीला बसलेल्या एका पोटुशा बाईकडे बघत राहिली. "बाकीच्यायचं काय?"

पुढची निवडणूक आली तेव्हा ती बरीच थकली होती. मी पुन्हा शाळेतल्या केंद्रावर. या वेळी सगळ्या उमेदवारांनी सातऱ्यावर येऊन हात जोडले होते, सगळ्यांनी बाईडॉक्टर आणायचं कबूल केलं होतं. आता ते त्यांच्या भाषणातच असायचं, बायांना सांगायची गरज पडत नव्हती. तिनं शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली आणि आडोशामागे गेली. बाहेर येईना. केंद्राध्यक्षांनी आवाज दिला, "आजी, झालं का?" शिक्क्याचे ठप ठप आवाज मला ऐकू येत होते. ती आली, पेटीत मत टाकलं आणि जाताना माझ्याजवळ वाकली.

"सगळ्यायवर मारला शिक्का. कोणी तं आणंन."

"अहो, असं चालत नाही," मी हळूच म्हणालो. "ते मत बाद होतं."

"होऊ दे ना. एकाएकाले देऊन पाहलं. ते तरी कुठी कामाले आलं?"

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. सातऱ्यावरच्या बाया एकामागून एक येत होत्या, आणि आडोशामागून पुन्हा पुन्हा ठप ठप ऐकू येत होतं. कायद्यानं मला तिथे तोंड उघडता येत नव्हतं. उघडून तरी काय सांगणार होतो?

मोजणीला गेलेल्या तलाठ्यानं परत आल्यावर हॉटेलात सांगितलं, आपल्या केंद्राची बाद मतं बघून सगळे हसले. वरून शेरा आला, की या भागातल्या महिला मतदार अडाणी आहेत, त्यांना शिकवलं पाहिजे.

आणि खरंच शिकवायला आले. काही महिन्यांनी तहसीलातून एक तरुण अधिकारी बाई आल्या, मनापासून काम करणाऱ्या. शाळेच्या व्हरांड्यात बायांना बसवलं. मोठ्या पुठ्ठ्यावर मतपत्रिका काढलेली, त्यावर फूल, माठ, पतंग, छत्री अशी चित्रं. "बायांनो, एकाच चित्रावर शिक्का मारायचा. दोन ठिकाणी मारला तर मत वाया जातं." मग सराव म्हणून एकेकीला पुढे बोलावलं. पहिली उठली ती मुकादमीण. काठी टेकत गेली, शिक्का घेतला, माठाच्या चौकटीत बरोबर मधोमध मारला, कागदाची घडी घातली, शाई दुसरीकडे लागणार नाही अशी, आणि डब्यात टाकली.

"वा!" अधिकारी बाई खूश झाल्या. "बघा, आजींना जमलं."

"जमते वं बाई. पहिल्यापासूनच जमते." ती त्यांच्याकडे निरखून बघत होती. "तू डॉक्टरीन हायेस काय?"

"नाही आजी, मी निवडणुकीच्या कामासाठी आले."

"हौ का?" ती म्हणाली. काठी उचलली, पायऱ्यांपाशी गेली आणि तिथून वळून म्हणाली, "ऊन लय हाय. चाय पिऊन जाजो."

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "त्या असं का विचारत होत्या?" मी सांगायला सुरुवात केली, पण त्यांची जीप आली. त्यांना अजून दोन गावं करायची होती.

मुकादमीण त्याच थंडीत गेली. झोपेतच गेली. नात नागपूरहून मुलाला कडेवर घेऊन आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत राहिली आणि घराला कुलूप लावून परत गेली.

वर्षभरानं जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. मी सातऱ्यासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा एक जीप येऊन थांबली. उमेदवार नवा होता, बाहेरचा. कोणीतरी त्याला गाव समजावून दिलं असावं. तो फाटकातून आत गेला, रुमाल नाकाला लावून ढिगांच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं,

"इथे मुकादमीण कोण आहे? मला त्यांना भेटायचंय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीच उठलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग एकीनं मान खाली घातली, दुसरीनं घातली, आणि सगळ्या डेठं खुडायला लागल्या.